संशोधनाच्या जाळ्यांची सावड

चिलीमध्ये सेर्रो पाचोन नावाचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर व्हेरा रुबिन वेधशाळा उभी आहे. तिथला कॅमेरा ३,२०० मेगापिक्सेलचा. आकाशाचा एक तुकडा टिपायचा, दुर्बीण वळवायची, पुढचा तुकडा टिपायचा, असं रात्रभर चालतं आणि एका रात्रीत सुमारे २० टेराबाइट डेटा जमतो. घरच्या लॅपटॉपची हार्डडिस्क बहुधा अर्ध्या किंवा एका टेराबाइटची असते, त्यावरून अंदाज यावा.

हा डेटा डोंगरावर ठेवून भागत नाही. प्रत्येक फोटो काही सेकंदांत कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत पोहोचवायचा असतो. तिथे तो त्याच जागेच्या आधीच्या फोटोंशी ताडून बघतात. काल इथे तारा नव्हता, आज आहे. हा ठिपका सरकलाय. हा अचानक उजळलाय. अशा बदलांची सूचना मिनिटभरात जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना मिळावी, असा या वेधशाळेचा संकल्प आहे. स्फोट पावणारा तारा कुणासाठी थांबत नाही, म्हणून ही घाई.

आता तो फोटो जातो कसा ते पाहा. डोंगरावरून तो ला सेरेना गावात उतरतो, तिथून सांतियागोला. इथपर्यंतचं जाळं चिलीच्या विद्यापीठांचं, त्याचं नाव रेउना. पुढे खंड ओलांडून ब्राझील, तिथलं संशोधन-जाळं आरएनपी. मग अटलांटिकच्या तळातून फ्लोरिडा. हा टप्पा सांभाळणाऱ्या ॲमलाइट या जाळ्याची सूत्रं फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीकडे आहेत. तिथून अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं ईएसनेट तो फोटो पश्चिम किनाऱ्यावर नेतं. शिवाय पॅसिफिकच्या बाजूनेही एक वेगळी वाट आहे, एक बंद पडली तर दुसरी हाताशी असावी म्हणून.

म्हणजे एका फोटोला चार-पाच संस्थांच्या हातांतून जावं लागतं. देश वेगळे, भाषा वेगळ्या, पैसे देणारी सरकारं वेगळी. यातली कुठलीही संस्था दुसरीची कंत्राटदार नाही की नोकर नाही. तरी फोटो वेळेत पोहोचतो. हे कशामुळे जमतं, हा या लेखाचा विषय.

आपल्याकडे भातलावणीच्या दिवसांत सावड असते. आज सगळे तुमच्या खाचरात, उद्या सगळे माझ्या. मजुरी कुणी कुणाला देत नाही, पण हिशेब सगळ्यांच्या डोक्यात पक्का असतो. ज्याच्याकडे बैल आहेत तो बैल आणतो, ज्याच्या घरात माणसं जास्त तो माणसं आणतो. जगातल्या संशोधन-जाळ्यांचा कारभार पुष्कळसा असाच चालतो. मला या विषयात सगळ्यात मोलाची वाटते ती हीच गोष्ट, केबलपेक्षाही.

साधं इंटरनेट का चालत नाही

पहिला प्रश्न हाच येतो. घरी शंभर-दोनशे एमबीपीएसची लाइन आहे, सिनेमे अडखळत नाहीत, मग शास्त्रज्ञांना वेगळं जाळं कशाला?

थोडं गणित करू. १०० एमबीपीएसच्या लाइनवरून एक टेराबाइट पाठवायला सुमारे २२ तास लागतात, तेही लाइन पूर्ण वेगाने अखंड चालली तर. एक पेटाबाइट म्हणजे हजार टेराबाइट. तो याच लाइनवरून पाठवायला अडीच वर्षं लागतील. १०० गिगाबिटच्या लाइनवर तोच पेटाबाइट २२ तासांत जातो. कण-भौतिकी, खगोलशास्त्र, हवामानाची प्रारूपं, जनुकांचा अभ्यास या क्षेत्रांत पेटाबाइट हा रोजच्या बोलण्यातला शब्द झाला आहे.

पण फरक केवळ आकाराचा नाही, गर्दीच्या स्वभावाचाही आहे. व्यापारी इंटरनेट बांधलेलं असतं लाखो लोकांच्या लहान-लहान कामांसाठी. कुणी मेसेज पाठवतो, कुणी गाणं ऐकतो, कुणी पैसे भरतो. डेटा लहान-लहान पुडक्यांत, म्हणजे पॅकेटमध्ये, तोडून पाठवला जातो. एखादं पुडकं वाटेत गळलं तर पुन्हा मागवलं जातं आणि आपल्याला कळतही नाही. संशोधनाचा डेटा हा उसाच्या ट्रॉल्यांसारखा असतो. मोजक्याच, पण प्रचंड भरलेल्या, ओळीने येणाऱ्या. एक अडली की मागच्या सगळ्या अडल्या.

हे 'अडणं' नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण लांब पल्ल्याच्या जाळ्यांचं खरं दुखणं इथे आहे.

गावाकडे स्लॅब टाकताना घमेल्यांची साखळी धरतात. खालून वरपर्यंत माणसं उभी राहतात आणि घमेलं हातोहात वर जातं. साखळी लहान असेल आणि एखादं घमेलं पडलं, तर वरचा ओरडतो, खालचा लगेच दुसरं भरतो. पण साखळी दहा हजार किलोमीटर लांब असेल तर? प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबईहून जिनिव्हाला जाणाऱ्या केबलचा वळणावळणाचा रस्ता दहा हजार किलोमीटरचा धरला, तर निरोप तिथे जाऊन पोच परत यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. ऐकायला हा वेळ क्षुल्लक वाटतो. पण १० गिगाबिटच्या लाइनवर तेवढ्या वेळात ८० हजारांहून जास्त पुडकी वाटेवर असतात. हातातून सुटलेली, पण पोच न आलेली.

आता यातलं एक गळलं. डेटा पाठवण्याचे नियम ज्यात ठरलेले आहेत त्या टीसीपीची जुनी, सरळ रीत अशी: पुडकं गळलं म्हणजे रस्त्यात गर्दी असणार, तेव्हा वेग निम्मा करा आणि मग प्रत्येक फेरीला एकेक पुडकं वाढवत पूर्वपदावर या. वर सांगितलेल्या लाइनवर हे पूर्वपदावर येणं किती वेळ घेतं? जवळजवळ सत्तर मिनिटं. एक पुडकं हरवल्याची किंमत सत्तर मिनिटं. आता टीसीपीच्या नव्या रीती निघाल्या आहेत, त्या लवकर सावरतात, पण मूळ अडचण तीच राहते. पल्ला जितका लांब, तितकी प्रत्येक चूक महाग.

ईएसनेटच्या अभियंत्यांनी एक अनुभव लिहून ठेवला आहे. पुडक्यांना पुढची वाट दाखवणाऱ्या यंत्राला राउटर म्हणतात. अशा एका राउटरमधला एक भाग बिघडत चालला होता आणि दर २२ हजार पुडक्यांमागे एक गाळत होता. टक्केवारी काढली तर ०.००४५. राउटरने स्वतः तक्रार केली नाही, कुठला लाल दिवा लागला नाही. जवळच्या ठिकाणी डेटा पाठवणाऱ्यांना काही जाणवलंही नाही. पण लांबच्या शहरांत पाठवणाऱ्यांचा वेग पार कोसळला. एकाच बिघाडाचं हे रूप जवळून एक आणि दुरून दुसरं.

इथे भागीदारीचा मुद्दा येतो. मुंबईतला संशोधक जिनिव्हाहून डेटा ओढतोय आणि वेग मिळत नाही. दोष कुठे आहे? त्याच्या संस्थेत, देशाच्या जाळ्यात, समुद्रातल्या टप्प्यात, युरोपच्या जाळ्यात की पलीकडच्या सर्व्हरमध्ये? प्रत्येक जण आपापला टप्पा तपासून सांगणार की आमच्याकडे सगळं ठीक आहे. कारण आपल्या जवळच्या टोकावरून बघितलं तर खरोखरच ठीक दिसतं. यावर उपाय म्हणून ईएसनेट, युरोपचं जेआँ, अमेरिकेचं इंटरनेट२ आणि इंडियाना विद्यापीठ यांनी मिळून पर्फसोनार नावाचं मोजमापाचं सॉफ्टवेअर तयार केलं. प्रत्येक जाळ्यात, प्रत्येक मोठ्या प्रयोगशाळेत एक छोटं मापक-यंत्र ठेवायचं, त्यांनी एकमेकांकडे सतत चाचणीची पुडकी पाठवत राहायचं आणि निकाल सगळ्यांना बघू द्यायचे. आपल्या जाळ्यातली गळती शेजाऱ्याला उघड दिसू देणं व्यापारी कंपनीला जड जाईल. इथे ती सावडीची अट आहे.

देशादेशाची जाळी

जवळपास प्रत्येक मोठ्या देशात विद्यापीठं आणि प्रयोगशाळा जोडणारं एक राष्ट्रीय जाळं असतं. ब्रिटनचं जॅनेट १९८४ पासून आहे. ऑस्ट्रेलियाचं आर्नेट १९८९ चं. अमेरिकेत १९९६ मध्ये ३४ विद्यापीठांनी एकत्र येऊन इंटरनेट२ सुरू केलं. जपानचं सिनेट, कॅनडाचं कॅनरी, नेदरलँड्सचं सर्फ, उत्तर युरोपातल्या नॉर्डिक देशांचं मिळून एक नॉर्डयुनेट. युरोपातल्या राष्ट्रीय जाळ्यांना आपसांत जोडणारं जेआँ.

भारताची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण तिचा आरंभ मुंबईशी बांधलेला आहे. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने अर्नेट हा प्रकल्प हाती घेतला. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईच्या जुहू भागातलं एनसीएसटी हे सॉफ्टवेअर-संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र, या संस्था होत्या. एनसीएसटीचे संचालक श्रीनिवासन रमाणी यांचा यात मोठा वाटा. पुढे २०१४ मध्ये त्यांचा इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. देशाचा बाहेरच्या जगाशी संबंध एनसीएसटीतून चाले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेला जोडणाऱ्या त्या लाइनचा वेग होता सेकंदाला ९,६०० बिट. आजच्या मोबाइलवरचा एक साधा फोटो त्यावरून जायला तासभर लागला असता. पण प्राध्यापकांची ईमेल त्यावरून जात होती. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. म्हणजे जवळजवळ दशकभर या देशातलं इंटरनेट हे मुख्यतः शिक्षण-संशोधनाचंच होतं. हे फारसं कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही, याची मला खंत वाटते.

पुढचा टप्पा राष्ट्रीय ज्ञान जाळ्याचा, ज्याला सगळे एनकेएन म्हणतात. सॅम पित्रोदांच्या अध्यक्षतेखालच्या ज्ञान आयोगाने त्याची शिफारस केली. मार्च २०१० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ५,९९० कोटी रुपये मंजूर केले. उभारणीचं काम एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक-संस्थेकडे आलं. आज दीड हजारांहून जास्त संस्था त्याला जोडलेल्या आहेत.

कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, या जाळ्याची खरी गिऱ्हाईक. जिनिव्हाजवळच्या सर्न या कण-भौतिकीच्या प्रयोगशाळेत प्रोटॉन एकमेकांवर आदळवले जातात, त्यातून निघणाऱ्या डेटाचं विश्लेषण एकट्या सर्नला पेलवणारं नाही. म्हणून चाळीसहून जास्त देशांतली सुमारे १७० संगणक-केंद्रं ते वाटून घेतात. टीआयएफआरचं केंद्र सीएमएस प्रयोगासाठी, तर कोलकात्याचं व्हीईसीसी ॲलिस प्रयोगासाठी काम करतं. ४ जुलै २०१२ ला हिग्ज कणाची घोषणा झाली, तेव्हा बातम्यांत जिनिव्हाचा बोगदा दिसला. पण तो कण सापडला तो अशा अनेक केंद्रांत मिळून चाळलेल्या डेटातून आणि ती चाळण चालली संशोधन-जाळ्यांच्या भरवशावर. या प्रयोगांच्या वाहतुकीसाठी जगभरच्या जाळ्यांनी आपापल्या हद्दीत एक राखीव वाट काढून दिली आहे, तिला एलएचसीवन म्हणतात. वेगळी केबल टाकलेली नाही. आहे त्याच तारांवर 'ही वाट ओळखीच्यांची' असं ठरवलं आहे, त्यामुळे दर खेपेला तपासणीत वेळ जात नाही.

शेजाऱ्याकडे जाताना परदेशातून

भागीदाऱ्या का लागतात याचं सगळ्यात बोलकं उदाहरण दक्षिण अमेरिकेत मिळतं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तिथल्या एका देशातल्या विद्यापीठाने शेजारच्या देशातल्या विद्यापीठाला ईमेल पाठवली, तर ती बहुधा अमेरिकेतल्या मायामीला जाऊन परत येई. दोन शेजारी देशांमध्ये थेट जोडणीच नव्हती. प्रत्येकाने उत्तरेकडे जाणारी महागडी लाइन घेतलेली. आफ्रिकेतही तेच होतं, फक्त तिथे वळसा युरोपातून पडे. शेजारच्या गल्लीतल्या माणसाला भेटायला दुसऱ्या तालुक्यातून जावं तसं.

२००३ मध्ये लॅटिन अमेरिकी देशांनी युरोपीय संघाच्या मदतीने रेडक्लारा उभं केलं. आफ्रिकेत २००५ च्या सुमारास पूर्व आणि दक्षिणेकडच्या देशांची उबुंटुनेट आघाडी आली. आशियात २००० सालच्या सेऊलच्या आशिया-युरोप शिखर परिषदेतून टीन नावाचा उपक्रम निघाला. पुढे त्याच्या तिसऱ्या टप्प्यात मुंबई हे त्याचं एक मोठं नाकं झालं, जिथून युरोपकडे लाइन जात होती. या सगळ्यांत युरोपने पुष्कळ पैसे घातले, पण हळूहळू भार सदस्य देशांनी उचलायचा अशी अट ठेवून. ही अट मला योग्य वाटते. पूर्ण फुकट मिळालेलं जाळं अनुदान संपलं की बंद पडतं. ज्यात स्वतःचा वाटा आहे ते टिकवण्यासाठी लोक भांडतात.

२०२१ मध्ये पोर्तुगालच्या सिनेस बंदरापासून ब्राझीलच्या फोर्तालेझापर्यंत एलालिंक ही सुमारे सहा हजार किलोमीटरची केबल सुरू झाली. दक्षिण अमेरिका आणि युरोप यांना उत्तर अमेरिकेत न शिरता जोडणारी ही आधुनिक वाट. तिची काही क्षमता दीर्घ मुदतीसाठी संशोधन-जाळ्यांनी आधीच घेऊन ठेवली. खासगी कंपनीला सुरुवातीलाच एक खात्रीचं गिऱ्हाईक मिळालं आणि विद्यापीठांना परवडणारी किंमत.

तुझी लाइन तुटली तर माझी वापर

समुद्राखालच्या केबल तुटतात. जहाजाचे नांगर, मासेमारीची जाळी, भूकंप, काहीही कारण पुरतं. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन मोठ्या केबल तुटल्या आणि भारताची पश्चिमेकडची वाट मोठ्या प्रमाणात तुंबली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात पुन्हा तेच झालं. युद्धाच्या छायेत तिथे दुरुस्तीचं जहाज नेणंही अवघड होतं.

प्रत्येक जाळ्याने स्वतःसाठी दुहेरी-तिहेरी लाइन घ्यावी म्हटलं तर खर्च आवाक्याबाहेर जातो. मग २०१३ मध्ये सहा जाळी एकत्र आली: अमेरिकेची इंटरनेट२ आणि ईएसनेट, कॅनडाचं कॅनरी, युरोपची जेआँ, नॉर्डयुनेट आणि सर्फनेट (म्हणजे आताचं सर्फ). त्यांनी अटलांटिकपार संशोधनासाठीची पहिली १०० गिगाबिटची लाइन मिळून उभी केली. नंतर अशा आणखी लाइनी वेगवेगळ्या वाटांनी आल्या आणि ठरलं असं की कुणाची लाइन बंद पडली तर त्याची वाहतूक उरलेल्यांच्या लाइनींवरून आपोआप वळेल. भाडं मागायचं नाही, कारण पुढच्या महिन्यात पाळी तुमचीही येऊ शकते.

२०१९ च्या सुमारास लंडन आणि सिंगापूर यांच्यात अशीच एक सामाईक १०० गिगाबिटची लाइन झाली. तिच्यात आर्नेट, जेआँ, नॉर्डयुनेट, सिंगापूरचं सिंगआरेन, सर्फनेट आणि टीनचं केंद्र हे भागीदार. ती जपानच्या आणि इतरांच्या लाइनींशी गुंफून आशिया-युरोप असं एक मोठं वर्तुळ बनवण्यात आलं. वर्तुळाची गंमत अशी की एका जागी तुटलं तरी उलट्या दिशेने जाऊन पोहोचता येतं. वेळ जास्त लागतो, पण काम थांबत नाही.

अर्थात सावडीत कुरबुरी असतातच. कुणाचा डेटा जास्त, कुणाची लाइन रुंद. आपल्या पैशाने उभ्या केलेल्या लाइनवरून भलत्याच देशाची वाहतूक का न्यायची, असा प्रश्न त्या त्या देशाच्या अर्थखात्यात विचारला जाणारच. म्हणून या करारांत बारीक अटी असतात: व्यापारी वाहतूक चालणार नाही, नेहमीच्या वेळी आपापली लाइन, संकटात सगळ्यांची. करार लिहायला केबल टाकण्याइतकेच कष्ट पडतात, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

आणि एवढं सगळं असूनही कधी कधी विमानच जिंकतं. २०१७ च्या एप्रिलमध्ये जगातल्या आठ रेडिओ दुर्बिणींनी मिळून कृष्णविवराचं निरीक्षण केलं. डेटा झाला सुमारे पाच पेटाबाइट. तो हार्डडिस्कमध्ये भरून, पेट्या विमानाने अमेरिकेत आणि जर्मनीत नेल्या, अर्धा टन वजन. दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणीच्या पेट्या तर तिथला हिवाळा सरून विमानं सुरू होईपर्यंत अडकून पडल्या आणि वर्षाअखेरीस पोहोचल्या. फोटो जगाने पाहिला १० एप्रिल २०१९ ला. डोंगरमाथ्यावर, बर्फात, जिथे रुंद केबल नाही तिथे आजही ही अडचण आहे.

फोन आपोआप जोडला जातो तेव्हा

सगळ्या भागीदाऱ्या अशा अगडबंब नसतात. एक तर विद्यार्थ्याच्या खिशातली आहे. भारतातल्या एखाद्या संस्थेतला विद्यार्थी परिषदेसाठी ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठात जातो. फोन बाहेर काढतो तर वायफाय आधीच चालू. पासवर्ड विचारला नाही, कुणाकडे पावती फाडली नाही. हे एज्युरोम. कल्पना नेदरलँड्समधल्या क्लास विरेंगा यांची, २००२ च्या सुमारासची. आज शंभरहून जास्त देशांत आहे. भारतात हे काम अर्नेट बघतं.

आत काय घडतं? ॲमस्टरडॅमचा वायफाय त्या मुलाला ओळखत नाही. तो त्याच्या पत्त्याचा शेवटचा भाग बघतो, भारताचा आहे हे कळतं आणि चौकशी वरच्या सर्व्हरकडे, तिथून भारताच्या सर्व्हरकडे, तिथून त्याच्या कॉलेजकडे येते. कॉलेज म्हणतं, 'हो, आमचाच आहे.' तो निरोप उलट्या वाटेने परत जातो आणि दार उघडतं. पासवर्ड मात्र कुलूपबंद पाकिटात प्रवास करतो. ते पाकीट फक्त त्याचं कॉलेजच उघडू शकतं, ॲमस्टरडॅमला तो दिसत नाही. गावच्या पाहुण्याबद्दल 'अमक्याच्या घरचा का?' एवढी खात्री झाली की चहा पुढे येतो, तसंच हे.

संगीतकारांनीही या जाळ्यांचा उपयोग शोधला, हे मला विशेष आवडतं. इटलीतल्या त्रिएस्तेच्या संगीत विद्यालयाने तिथल्या गार या संशोधन-जाळ्यासोबत लोला नावाची प्रणाली केली. दोन वेगळ्या शहरांतले वादक एकत्र वाजवू शकतात. तालाला उशीर सोसत नाही. सेकंदाचा तीसावा-चाळीसावा भाग ओलांडला की ठेका निसटू लागतो. सामान्य व्हिडिओ कॉलवर तबला-पेटीची साथ करून बघितलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. जपानमधल्या फुकुओकाच्या क्युशू विद्यापीठ रुग्णालयाने २००३ पासून याच जाळ्यांवरून शस्त्रक्रियांचं थेट प्रक्षेपण परदेशातल्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवलं, आधी कोरियात, मग इतर आशियाई देशांत. पोटातल्या नसेचा रंग अचूक दिसायला हवा, तिथे अडखळणारं चित्र उपयोगाचं नाही.

शेवटचे शंभर मीटर

समुद्र ओलांडून आलेला डेटा पुष्कळदा अडतो तो कॅम्पसच्या आत. मी एका महाविद्यालयात पाहिलं आहे: दारापर्यंत एक गिगाबिटची लाइन आलेली, पण प्रयोगशाळेला जोडणारा स्विच जिन्याखालच्या कपाटात, धुळीने माखलेला आणि तिच्या दहाव्या हिश्श्याचा. वर सगळी वाहतूक एका फायरवॉलमधून जाणारी. प्राध्यापक वर्षानुवर्षं म्हणत राहिले की 'एनकेएनला वेग नाही'.

फायरवॉल म्हणजे गेटवरचा वॉचमन. शेकडो दुचाक्या तपासायला तो उत्तम. पण उसाची ट्रॉली आली आणि तो एकेक मोळी सोडून बघू लागला, तर रस्ता तुंबणार. ईएसनेटने यावर जी रचना सुचवली ती साखर कारखान्यातल्या माणसाला लगेच पटेल: ट्रॉल्यांना वेगळं गेट, तिथे वेगळा काटा. मोठा डेटा हलवणारे सर्व्हर कॅम्पसच्या मुख्य फायरवॉलच्या बाहेरच्या बाजूला, पण स्वतःच्या कडक, मोजक्या नियमांच्या पहाऱ्यात ठेवायचे आणि शेजारीच पर्फसोनारचं मापक. याला फार पैसे लागत नाहीत. संगणक विभागातल्या माणसाने आणि शास्त्रज्ञाने एका टेबलाशी बसावं लागतं, ते मात्र दुर्मिळ.

महाराष्ट्राला हे सगळं लवकरच अधिक लागणार आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश आहेत, तिथे जगभरचे शास्त्रज्ञ वेळ मागतात. ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेत उभ्या राहणाऱ्या एसकेए या महादुर्बिणीत भारत सदस्य झाला आहे. पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ-खगोलशास्त्राच्या केंद्राकडे त्यातल्या भारतीय कामाचं नेतृत्व आहे. ती पूर्ण चालू झाली की वर्षाला सुमारे ७०० पेटाबाइट डेटा जगभरच्या प्रादेशिक केंद्रांत वाटला जाईल. खंडाखंडांतल्या केंद्रांना १०० गिगाबिटच्या लाइनी सतत भरलेल्या ठेवाव्या लागतील. तो भार एका देशाने एकट्याने उचलण्यासारखा नाही.

आणि हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला जागा मिळाली आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, काटकोनात. अवकाशातून येणारी गुरुत्वीय लहर त्या भुजांची लांबी अणूच्या गाभ्याहूनही पुष्कळ कमी अंतराने हलवते, ते टिपायचं. पण एकटी लायगो लहर ऐकते, ती कुठून आली हे सांगू शकत नाही. एका कानाने आवाजाची दिशा कळत नाही तसं. अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या दोन लायगो, इटलीतली व्हर्गो, यांच्याकडे ती किती मिलिसेकंद आधी-नंतर पोहोचली हे एकत्र मांडावं लागतं.

१७ ऑगस्ट २०१७ ला असंच झालं होतं. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले होते. लहर आल्यावर १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाला गॅमा किरणांचा झोत दिसला. व्हर्गोचा डेटा जोडल्यावर आकाशातली शोधायची जागा सुमारे तीस चौरस अंशांपर्यंत आली आणि अकरा तासांनी चिलीतल्या स्वोप दुर्बिणीला १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेत तो प्रकाशाचा ठिपका सापडला. पुढे खोडदच्या डिशनीही त्याचा माग घेतला.

हिंगोलीचा कान जोडला गेला की ही जागा आणखी लहान होईल. त्यासाठी औंढ्याच्या माळावरचा डेटा काही मिनिटांच्या आत अमेरिका-इटलीतल्या डेटाशेजारी जाऊन बसायला हवा आणि तिथून निघालेली सूचना सेर्रो पाचोनच्या डोंगरावर पोहोचायला हवी. रुबिनच्या कॅमेऱ्याने तिकडे मान वळवून फोटो काढला की तो पुन्हा ला सेरेना, सांतियागो, ब्राझील, फ्लोरिडा करत स्लॅककडे निघेल.